घोडीचा डोळा पुन्हा पुन्हा का येतो

शिरपूर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. मागच्याच्या मागच्या यात्रेत सारंगखेड्याहून सात वर्षांची मारवाडी घोडी घेतली. लग्नसराईत वरातीला जाते, नाचते. गेल्या नागपंचमीला उजव्या डोळ्यातून पाणी सुरू झालं, डोळा मिटून घेतला, बुबुळ निळसर पडलं. डॉक्टरांनी पाच दिवस औषध दिलं, बरं वाटलं. वसुबारसेला पुन्हा तेच. रथसप्तमीला तिसऱ्यांदा. आता डोळा उघडते, पण बाहुली वेडीवाकडी दिसते. गावातले जाणते म्हणतात, हा चंद्राचा डोळा, पौर्णिमा-अमावस्येला उठतो, याला औषध नाही, यात्रेत काढून टाक. तर हा रोग कोणता, बरा होतो का, दुसऱ्या डोळ्याला किंवा शेजारी बांधलेल्या शिंगराला लागेल का, आणि घोडी विकावी का? शेवटी त्यांनी अहिराणीत एकच ओळ लिहिलीय, "मन्ही घोडीना डोया गया का?"

भाऊ, गेलेला नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी नाही. पण तो जाण्याच्या वाटेला लागलाय, आणि किती दिवस टिकेल हे बरंचसं तुमच्या हातात आहे. तापीच्या दोन्ही काठांना बावीस वर्षं गुरं-घोडी बघत फिरतोय, म्हणून गोडगोड न बोलता सांगतो.

आधी चंद्राचा निकाल लावू. तिथ्या तुम्हीच दिल्यात. नागपंचमी म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी, वसुबारस आश्विन वद्य द्वादशी, रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमी. तिन्हींत पौर्णिमा नाही, अमावस्याही नाही. आणि दर महिन्याला भरणाऱ्या चंद्राने तीन-तीन महिने दम का धरावा? ही समजूत काही आपल्याच गावची नाही म्हणा. युरोपात ती रोमन काळापासून आहे आणि इंग्रजीत या रोगाला आजही 'मून ब्लाइंडनेस' म्हणतात. जुन्या लोकांनी एक गोष्ट मात्र अचूक हेरली होती: हा डोळा येतो, जातो आणि पुन्हा येतो. चुकलं ते फक्त आरोपी पकडताना.

वैद्यकातलं नाव 'इक्वाइन रिकरंट युव्हायटिस'. जगभरात घोडे आंधळे होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. डोळ्याच्या गोळ्याला तीन थर असतात. बाहेर पांढरा चिवट थर, अगदी आत दिसण्याचं काम करणारा नाजूक पडदा, आणि या दोघांच्या मध्ये काळपट, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर. तो युव्हिया. लॅटिनमध्ये द्राक्षाला 'युव्हा' म्हणतात, त्यावरून हे नाव. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा हा त्याच थराचा पुढचा भाग. सूज येते ती इथे, आतमध्ये. म्हणून 'डोळा आला' म्हणून आपण जे म्हणतो, म्हणजे पापण्यांच्या आतला लालपणा आणि चिपडं, त्याच्याशी याचा संबंध नाही. त्या डोळ्याला लावायचं मलम याला लावणं म्हणजे घरात आग लागलेली असताना ओट्यावर पाणी मारणं.

ही सूज जंतूंनी डोळा खाल्ल्यामुळे येत नाही. शरीराची स्वतःची संरक्षण फौजच डोळ्यावर उलटते. एरवी या फौजेला डोळ्याच्या आत फिरकायची परवानगी नसते. रक्त आणि डोळ्याचा आतला भाग यांच्यात एक बारीक चाळणीसारखी भिंत आहे, त्यामुळे आत काय माल आहे हे पहारेकऱ्यांना ठाऊकच नसतं. एखाद्या जुन्या संसर्गाने ती भिंत फुटली की पहारेकरी आत शिरतात आणि घरच्या माणसांनाच चोर समजून बडवतात. यात लेप्टोस्पायरा नावाचा जंतू मोठा संशयित आहे. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून पसरणारा, माणसाला होतो तो 'लेप्टो' त्याचाच. या जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं घोड्याच्या डोळ्यातल्या, नेत्रमण्यातल्या (बाहुलीमागच्या भिंगातल्या) प्रथिनांसारखी दिसतात. चोराचा आणि घरगड्याचा सदरा एकाच कापडाचा असावा, तसं. शिवाय प्रत्येक झटक्यात भिंत थोडी जास्त पडते, आतला नवा माल पहारेकऱ्यांच्या नजरेस येतो आणि पुढच्या वेळी ते त्याच्याही मागे लागतात. औषध थांबलं की रोग फिरून उठतो तो यामुळे.

लेप्टोचा संसर्ग आणि डोळ्याचा पहिला झटका यांत कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षंही जातात. तुमच्याकडे आल्यावर आठ महिन्यांनी डोळा उठला, म्हणजे बी बहुतेक आधीच्या गोठ्यातलं. पण म्हणून विकणाऱ्याला शिव्या देऊ नका. पहिल्या झटक्याच्या आधी हा रोग त्यालाही दिसला नसता, मलाही नसता.

आता एक सावधगिरीची गोष्ट. घोडी मी पाहिलेली नाही. एकच डोळा, तीन झटके, मधले दिवस चांगले आणि शेवटी वाकडी बाहुली, हे ऐकून शंभरातले नव्वद डॉक्टर हेच नाव घेतील. तरी डोळा मिटून पाणी गळण्याची आपल्या भागात आणखी चार-पाच कारणं आहेत आणि त्यातल्या एकाचं औषध दुसऱ्याचं विष आहे.

पहिलं कारण जखम. कडब्याचं कुसळ, बाभळीचा काटा, पिकअपच्या फळीला घासणं. घोड्याचे डोळे बाजूला आणि बाहेर आलेले, सगळं आधी तिथेच लागतं. नंदुरबार-दोंडाईचा भागात मिरचीच्या हंगामात मिरची वाळवायच्या पथारीच्या वाऱ्याला घोडे बांधले की आठवडाभर डोळे गळतात, तो वेगळा प्रकार. जागा बदलली की थांबतो. काचेवर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थरावर, जखम झाली आणि तीत बुरशी शिरली तर मात्र महिनाभराची लढाई.

दुसरं कारण किडा. हसू नका. गुरांच्या पोटात राहणारा दोऱ्यासारखा पांढरा कृमी, सेटारिया, त्याची पिल्लं डास घोड्यात सोडतात आणि एखादं भरकटून डोळ्यात पोचतं. प्रकाशा गावाजवळ एका मळ्यात संध्याकाळी मला बोलावलं होतं, 'डोळ्यात फूल पडलंय' म्हणून. टॉर्च मारला तर काचेच्या आत, पाण्यात, शिवणकामाच्या दोऱ्याएवढा किडा वेटोळे घेत होता. उजेड पडला की खाली जायचा, टॉर्च बंद केला की वर. अर्धं गाव बघायला जमलं. गुंगी देऊन, पापणी बधिर करून, काचेच्या कडेला सुईने छिद्र पाडलं की किडा पाण्याबरोबर बाहेर येतो. त्या घोड्याला वर्षभर कोणीतरी 'चंद्राचा डोळा' म्हणत होतं.

तिसरं सर्रा. मोठ्या माशांनी पसरवलेला रक्तातला परजीवी. ताप येतो-जातो, पायांना आणि पोटाखाली सूज, घोडा वाळत जातो आणि डोळेही गढूळ होतात. घोडी अंगाने उतरली असेल तर रक्त तपासल्याशिवाय डोळ्याच्या मागे लागू नये.

या सगळ्यात जखमेचा मुद्दा मी मुद्दाम ताणतो, त्याला कारण माझीच चूक आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी भर लग्नसराईत एका घोड्याचा डोळा बघितला. मिटलेला, गळणारा, निळसर. आधी दोनदा असंच झालं होतं, मालक म्हणाला. मी रंग घालून न बघता स्टेरॉइडचे, म्हणजे सूज दाबणाऱ्या औषधाचे, थेंब लिहून दिले. त्या वेळी मात्र काचेवर बारीक जखम होती. स्टेरॉइड जखम भरू देत नाही, उलट जंतूंना आणि बुरशीला रान मोकळं करून देतं. सहाव्या दिवशी काच साबणासारखी विरघळलेली होती. तो डोळा काढावा लागला. मालक एक शब्द वाकडं बोलला नाही, पण पुन्हा मला बोलावलंही नाही. तेव्हापासून फ्लुरोसिनच्या पट्ट्या माझ्या खिशात असतात. नारंगी टोकाची कागदाची पट्टी, सलाइनने ओली करून पापणीला टेकवायची, मग निळा उजेड मारायचा. काच फुटलेली असेल तिथे पोपटी डाग चमकतो. दोन मिनिटांचं काम आहे. डाग दिसला तर स्टेरॉइड बंद, म्हणजे बंदच. प्रत्येक झटक्यात हे नव्याने करायचं. मागच्या वेळी रोग तोच होता म्हणून या वेळी जखम नसेल असं नाही. म्हणूनच मागच्या खेपेची उरलेली बाटली कपाटातून काढून थेट डोळ्यात घालू नका.

आणि तोंडात तंबाखू चघळून डोळ्यात पिचकारी मारणं, मीठ घालणं, हळदीचं पाणी, हे बैलाला करतात तसं घोडीला करू नका. बैलालाही करू नका, पण तो विषय वेगळा.

तुम्हाला घरी काय दिसू शकतं ते सांगतो. घोडीला सावलीत सरळ उभी करा आणि समोरून दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांचे केस बघा. निरोगी डोळ्याचे केस समोर, जवळजवळ आडवे असतात. डोळा दुखत असेल तर ते खाली झुकतात. पाणी गळायच्या आधी हे केस बोलतात. माझ्या ओळखीचा एक मोतद्दार, निरक्षर माणूस, रोज सकाळी खरारा करताना फक्त हे बघतो आणि डॉक्टरच्या एक दिवस आधी सांगतो, 'आज उठणार'. मग अंधाऱ्या तबेल्यात नेऊन मोबाईलचा टॉर्च बाजूने मारा. घोड्याची बाहुली आडवी, लांबट असते आणि तिच्या वरच्या काठाला मिरीएवढे काळे दाणे लोंबतात. ते दाणे रोग नव्हे, कडक उन्हात डोळ्याला सावली देण्यासाठी असतात. दरवर्षी दोन-तीन मालक 'डोळ्यात गाठ आली' म्हणून घाबरून फोन करतात. रोग जुना झाला की उलट ते दाणे झिजून गुळगुळीत होतात.

झटका चालू असताना बाहुली अंधारातही बारीक, चिरेसारखी राहते. काच निळसर. काचेमागचं पाणी गढूळ. हे गढूळपण मी कसं बघतो? कौलाच्या फटीतून कवडसा आत येतो तेव्हा हवेतली धूळ त्यात तरंगताना दिसते. तसाच बारीक उजेडाचा किरण डोळ्यात सोडला की निरोगी डोळ्यात तो मधे दिसत नाही, सुजलेल्यात धुरकट पट्टा दिसतो. कधी तळाला पिवळसर पू साचतो. डोळा हाताला नरम लागतो, कारण आतला दाब उतरलेला असतो. पण तुम्ही बोटाने दाबून बघू नका, जखम असेल तर फुटेल.

तुमच्या घोडीची बाहुली वाकडी दिसते याचा अर्थ रंगीत पडदा मागच्या नेत्रमण्याला काही जागी चिकटलाय. प्रत्येक झटका असा काहीतरी ठेवून जातो. चिकटा, मग मोतीबिंदू, कधी मणी जागेवरून सरकतो, मागच्या पडद्यावर डाग पडतात, आणि शेवटी डोळा आक्रसून खोल जातो. वरच्या पापणीला मधेच एक जादा घडी पडते, त्रिकोणी. यात्रेत ती घडी दिसली की मी पुढे सरकतो.

आता उपचार. पूर्ण बरा होतो का? नाही. झटका विझवता येतो, दोन झटक्यांमधलं अंतर वाढवता येतं आणि पडझड रोखता येते. तुमच्याकडे आतापर्यंत जे चुकलं ते औषध नव्हे, दिवस चुकले. पाच दिवसांत डोळा उघडला आणि औषध बंद. वरची राख थंड झाली, खाली निखारे तसेच. डोळा शांत दिसायला लागल्यावर पुढे कमीत कमी दोन आठवडे थेंब चालू ठेवायचे आणि मग हळूहळू उतरवायचे: दिवसातून चार वेळा, मग तीन, मग दोन, मग एक. एकूण महिना-दीड महिना धरा. घोडीवाल्याला हे पटवणं हीच माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण पुढच्या शनिवारी वरातीची सुपारी घेतलेली असते.

डाग नाही हे बघून झालं की प्रेडनिसोलोन ॲसिटेट या स्टेरॉइडचे एक टक्क्याचे थेंब, सुरुवातीला दर चार ते सहा तासांनी. ही बाटली तळाशी बसते, दरवेळी चांगली हलवा, नाहीतर पहिले पंधरा दिवस पाणी जातं आणि शेवटी चुना. डेक्सामेथासोनचे थेंबही चालतात. सोबत ॲट्रोपिन एक टक्का, दिवसातून एक-दोनदा. ते बाहुली उघडतं, आतल्या स्नायूचा गोळा सोडवतं म्हणून दुखणं कमी होतं, आणि ताजा चिकटा सुटण्याची शक्यता असते. बाहुली उघडली की ते कमी करायचं. ॲट्रोपिनने घोड्याचं आतडं मंदावतं. लीद किती टाकली, पोट वाजतंय का, यावर लक्ष ठेवा. लीद कमी झाली किंवा घोडी पोटाकडे बघायला लागली तर ॲट्रोपिन थांबवून डॉक्टरला कळवा. बाहुली उघडी असताना उन्हात बांधू नका, आपल्याकडचं चैत्र-वैशाखाचं ऊन तर नकोच.

तिसरं, फ्लुनिक्सिन, दुखणं आणि सूज उतरवणारं औषध. किलोमागे १.१ मिलिग्रॅम, शिरेतून किंवा तोंडाने. मांडीत, मानेच्या मांसात टोचू नका; तिथे क्वचित अशी सड लागते की जनावर जातं. हे मी नवख्या डॉक्टरांसाठीही लिहितोय. अंगातलं पाणी आटलेल्या घोड्याला देऊ नये, आणि त्याच जातीच्या फिनाइलब्युटाझोनची जोड लावू नये. किडनी आणि जठर दोन्ही बोंबलतात. किती दिवस द्यायचं ते डॉक्टर घोडी बघून ठरवतील.

थेंब कसे घालायचे यावरच निम्मं यश आहे. घोड्याच्या पापणीत एवढी ताकद असते की दोन माणसं ती उघडू शकत नाहीत, आणि दुखऱ्या डोळ्याला एकदा जबरदस्ती केली की ती आठवडाभर विसरत नाही. तेव्हा जबरदस्ती नको. मोहरकी घाला, एक माणूस डोक्याशी, बोलत राहणारा. एक मिलिलिटरची सिरिंज घ्या, सुई काढून फेकून द्या, तीत दोन-तीन थेंब ओढा. उजवा डोळा असेल तर डावा हात कपाळाच्या हाडावर टेकवा, म्हणजे डोकं हललं तर हातही सोबत हलतो आणि टोक डोळ्यात जात नाही. अंगठ्याने वरची पापणी हाडावर दाबून किंचित वर, आणि सिरिंज बाजूने धरून सावकाश सोडा. डोळ्यापुढून हात आणू नका. मग लगेच मूठभर हरभरा. तिसऱ्या दिवशी घोडी स्वतःच मान खाली करते. फारच बंडखोर जनावर असेल तर पापणीतून बारीक नळी बसवून ती मानेपर्यंत आणता येते, औषध मानेपाशी सोडलं की डोळ्यात पोचतं. पण हे मोठ्या दवाखान्याचं काम.

पुढच्या पायऱ्याही आहेत. सायक्लोस्पोरिन हे अंगातल्या फौजेला आवरणारं औषध थेंबाच्या रूपात डोळ्याच्या आत नीट उतरत नाही, म्हणून परदेशात त्याची छोटी चकती पांढऱ्या थराखाली बसवतात. ती साधारण तीन वर्षं झिरपत राहते. जर्मनीत डोळ्यातला गढूळ चिकट द्रव यंत्राने काढून बदलतात. डोळ्याच्या पाण्यात लेप्टो सापडलेल्या घोड्यांत त्याचा गुण चांगला येतो. जेंटामायसिन या प्रतिजैविकाची चार मिलिग्रॅमची सुई डोळ्याच्या आत देण्याचाही प्रयोग तिकडे रुळलाय, पण मात्रा जरा चुकली तर पडदा जळतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. आपल्या गोठ्यात बसून करायचं हे काम नव्हे, कोणी म्हणालं तरी करू देऊ नका. घोडीची किंमत आणि तुमची तयारी असेल तर आग्रा रोडने मुंबई गाठा. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, तिथे नेत्रतपासणीसाठी आधी फोन करून मगच घोडी पिकअपमध्ये चढवा. रक्ताच्या तपासण्यांसाठी आमचे लोक हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे बघतात. एक सांगून ठेवतो: रक्तात लेप्टोविरुद्धच्या प्रतिपिंडांचं माप चढलेलं आलं म्हणजे डोळा त्यामुळेच गेला असं सिद्ध होत नाही, आणि माप कमी आलं म्हणून तो सुटतही नाही. खात्री डोळ्यातल्या पाण्याच्या तपासणीने होते.

लागण्याबद्दल. डोळ्यातून डोळ्याला हा रोग लागत नाही. शिंगरू शेजारी बांधा, काही होणार नाही. लेप्टो मात्र लघवीतून पसरतो, तुम्हालाही. म्हणून घोडीचा हौद म्हशींच्या हौदापासून वेगळा करा, गोठ्यातलं तुंबलेलं पाणी काढा, चंदीची कोठी उंदरांपासून बंद करा, पायाला चिरा असताना अनवाणी शेण-मूत काढू नका. माशांपासून वाचवायला घोडीला जाळीचा मुखवटा घाला. जंताचं औषध आणि सगळ्या लसी एकाच दिवशी उरकू नका. अंगातली फौज एकदम चाळवली की डोळा उठतो असा बऱ्याच डॉक्टरांचा अनुभव आहे, माझाही. दुसरा डोळा? तो उठू शकतो. रोग एका डोळ्याचा दिसला तरी फौज सगळ्या अंगात फिरते. म्हणून रोज बघायचे केस दोन्ही डोळ्यांचे.

वरातीचं काय, ते तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. झटका चालू असताना घोडी बाहेर काढू नका, डीजेच्या फिरत्या दिव्यांत तर नाहीच. आणि उजवा डोळा अधू झालाय हे धरून चाला. उजवीकडून फटाका लागला किंवा पोरगं धावलं तर तिला दिसणार नाही, ती फक्त आवाजाला बिथरेल, आणि पाठीवर नवरदेव आणि त्याच्या पुढ्यात छोटा भाऊ असतो. धरणारा माणूस कायम उजव्या अंगाला ठेवा आणि जवळ जाताना आधी आवाज द्या, मग हात लावा. दोन्ही डोळे अधू झाले तर वरात बंद. पूर्ण आंधळी घोडीही ओळखीच्या तबेल्यात निवांत जगते, फक्त हौद, गव्हाण आणि खुंटा यांची जागा बदलायची नाही. आंधळा डोळा सतत दुखत असेल तर तो काढून टाकलेला बरा. मालकांना हे क्रूर वाटतं. डोळा काढल्यावर दहाव्या दिवशी घोडा तोबऱ्यातलं सगळं संपवायला लागतो तेव्हा त्यांना कळतं की तो इतके दिवस कशामुळे अर्धपोटी होता.

विकण्याचं. सारंगखेड्याला लोक भोवरे बघतात, पंचकल्याण बघतात, रवाल चाल बघतात, दात उघडून वय मोजतात. डोळा कोणी बघत नाही. भर दुपारी, उन्हात, बाहुली मुळातच बारीक झालेली. एकदा एका सजवलेल्या घोड्याच्या कपाळपट्टीचे गोंडे एकाच बाजूला जास्त दिसले. सरळ केले तर खाली त्रिकोणी पापणी. घेणारा घरातला दागिना मोडून आलेला होता. तुम्ही घोडी विकलीत तर रोग सांगून विका. किंमत पडेल, निम्म्याखालीही जाईल. माझं मत विचाराल तर विकू नका. महिन्याच्या औषधाचा खर्च एका वरातीच्या बिदागीपेक्षा कमी आहे, आणि केस खाली झुकलेले ओळखणारा माणूस तिला दुसरीकडे मिळेलच असं नाही. घोडी भरवायची, म्हणजे गाभण करायची असेल तर मात्र थांबा. अमेरिकेतल्या अपालूसा या ठिपक्यांच्या जातीत हा रोग इतर घोड्यांच्या मानाने आठपट आढळलाय आणि जर्मन घोड्यांतही रक्ताचा धागा सापडलाय. दोन्ही डोळे उठलेली घोडी मी भरवू देत नाही. तुमच्या घोडीचा एकच डोळा उठलाय, वर्षभर दुसरा बघा, मग ठरवा.

आज करायचं ते एवढंच. घोडी सावलीत घ्या, जवळच्या डॉक्टरांकडून रंग घालून तपासून घ्या. बाहुली वाकडी आहे पण डोळा पूर्ण शांत आहे की आत अजून धुमसतोय, हे त्यांना मुद्दाम विचारा. धुमसत असेल तर थेंब आजपासून. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक झटक्याची तारीख आणि औषध बंद केल्याची तारीख लिहून ठेवा. तिथी शेजारीच छापलेली असते, जाणत्यांनाही दाखवता येईल. आणि पुढच्या वेळी डोळा मिटलेला दिसला तर सकाळची वाट बघू नका, रात्री अकराला फोन केलात तरी चालेल.